तासलेला बिंडा

“उजी पवायला शिकली तर पाठवीन शाळंला,” सर्जा म्हणाला आणि ताटातच हात धुऊन उठला.

सर्जा म्हणजे माझा मुलगा सर्जेराव, आणि उजी त्याची मुलगी. पाडवा नुकताच होऊन गेला होता. उजीची सातवीची परीक्षा तोंडावर आली होती आणि आमच्या गावची शाळा सातवीलाच संपायची. पुढचं हायस्कूल धरणाच्या पाण्यापलीकडं. रानातून पायवाट होती, पण ती माणसांपेक्षा अस्वलांच्या वहिवाटीची. राहिली लाँच. आणि गावची लाँच चालवायला होता कोण, तर हाच. रोज सकाळी गावची पोरं भरून पलीकडं न्यायचा आणि दिवस कलायच्या आत माघारी आणायचा.

“दुसऱ्यांची पोरं न्हेतोस की रं,” मी म्हणाले. “ती काय उकिरड्यावर सापडल्यात?”

“दुसऱ्यांची पोरं बसली की माझा हात कापत न्हाई.”

“आन सोताची बसली की?”

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. पुसतच राहिला. “पवायला शिकू दे तिला. मग बोलू.”

ती शिकणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझे मालक, म्हणजे सर्जाचा बाप, ह्याच पाण्यात गेले. वळवाचं वारं सुटलं आणि त्यांची होडी उलटली. त्यांना काठावर आणून निजवलं तेव्हा उजी माझ्या निऱ्या मुठीत धरून उभी होती. तेव्हापासून ती पाणी गुडघ्याच्या वर चढू देत नव्हती.

“मालन, ऐकलंस न्हवं?” मी सुनेला हाक मारली. “तुझ्या नवऱ्यानं शब्द दिलाय. फिरला तर साक्षीला तू.”

मालन चुलीपुढून म्हणाली, “आत्या, ती कळशी बुडवायला बी वाकत न्हाई. दुसऱ्या पोरींकडनं भरून घेती.”

“आता वाकंल. मी हाय न्हवं.”

उजी भिंतीला टेकून बसली होती. घास हातातच राहिला होता.

“शिकायचंय का गं तुला पुढं?”

“व्हय.”

“मग गीळ तो घास. उद्यापासनं पाण्यावर यायचं.”

भीती वाटते का, हे मी विचारलं नाही. दिसत होतंच की.

मी स्वतः दुसरी शिकलेली. त्यातलीही अर्धी दुसरी मास्तरांच्या बायकोचा गोठा झाडण्यात गेली. पण पोहायला शिकवणं माझ्या हातचं होतं. आमच्याकडं त्याची रीत आहे. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की बुचासारखं हलकं होतं. त्याचा मांडीएवढा जाड तुकडा, त्याला बिंडा म्हणतात, तो पोराच्या पाठीला दोरानं आवळायचा. बुडायचं म्हटलं तरी पोर बुडत नाही. मग शिकवणाऱ्यानं, पोर जवळपास नसताना, अधूनमधून कोयत्यानं तो बिंडा थोडा थोडा तासायचा. पोराला वाटतं, पाठीवर तोच बिंडा आहे. एके दिवशी तिथं नुसतं चिपाड उरतं आणि पोर मजेत पोहत असतं. मग सगळ्यांसमोर ढलप्या आणून दाखवायच्या आणि त्यांच्यावरच पाणी तापवून त्याला अंघोळ घालायची. धरण व्हायच्या आधी नदीच्या डोहात माझ्या बापानं मला असंच शिकवलं. मी सर्जाला असंच शिकवलं. ढलप्या बघून जो तो हसलाय. रडलेलं कुणी मला माहीत नाही.

पहिल्या दिवशी उजी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि ओकली.

“पाणी हाय का वाघ हाय?” मी ओरडले. “चल पुढं! हायस्कुलात काय लाटण्यावर बसून जाणार हाईस?”

जितकी मी ओरडत होते तितकी ती आकसत होती. दात वाजत होते, आणि ऊन तर असं की दगडावर पाय ठेववत नव्हता. तेवढ्यात मागून आवाज आला, “आजी, नका ना ओरडू तिच्यावर.”

गावंडे बाई होत्या. उजीच्या शाळेतल्या मास्तरीण. अकोल्याकडच्या, वयानं पोरगीच. काठाजवळच्या खोलीत एकट्या राहायच्या.

“का? कान फुटत्यात तिचं?”

“भेव असलं का डोक्यात काहीच शिरत नाही माणसाच्या. आमच्या डी.एड.ला मानसशास्त्र होतं, त्यात होतं हे.”

“बाई, तुम्ही लाँचीत डोळं मिटून बसता. काठ आला की सर्जा सांगतो, बाई, उघडा आता. तुमच्या मानसशास्त्राला पवायला येत न्हाई वाटतं?”

त्या हसल्या. रागावल्या नाहीत, ह्याचाच मला राग आला.

“म्हणून तर मला कळते ना आजी. लहानपणी काकांनी मला विहिरीत ढकललं होतं, आपोआप शिकेल म्हणून. मी एकच गोष्ट शिकली. पाण्यापासून लांब राहायचं. ती मात्र अशी पक्की शिकली, की अजून विसरली नाही.”

मी दुसऱ्या दिवसापासून ओरडायचं झालं तर म्हशीवर ओरडायला लागले. उजीला म्हटलं, आज नुसतं बसायचं पाण्यात. उद्या तोंडानं बुडबुडे काढायचे. परवा बिंडा बांधायचा, पण काठाचा दगड सोडायचा नाही. असं करत करत एके दिवशी तिनं दगड सोडला. पाणी हनुवटीला लागलं, डोळे विस्फारले, आणि ती तरंगत राहिली.

“आज्जे! बिंडा उचलतोय मला!”

“मग? पांगारा हाय तो. तुझ्या बापासारखा आडमुठा न्हाई.”

त्या दिवशी पहिल्यांदा मी कोयता काढला.

गावंडे बाईंनी मला गोठ्यामागं तासताना बघितलं. काय चाललंय ते विचारलं आणि मी सांगितल्यावर त्यांचे डोळे चमकले. “किती हुशारीचं काम आहे हे! आधार हळूहळू काढून घ्यायचा. आजी, हेच तर आम्हाला पुस्तकात होतं.”

“पुस्तकात पांगारा व्हता?”

“पांगारा नव्हता.” मग त्यांनी विचारलं, “पण उजूला माहीत आहे का?”

“तिला सांगितल्यावर मग चोरून तासायचं कशाला?”

“अन् मधेच कळलं तर?”

“कळल्यावर पोरं हसत्यात.”

“हसणारी पोरं मुळातच भीत नसतील, आजी.”

“बाई, तुमच्या शाळंत मोठी पोरं बारक्यांना शिकवत्यात, तुम्ही खुर्चीवर बसून बघता. पगार मातूर तुम्ही घेता. मी त्यात तोंड घालते का?”

“शिकवताना तीच जास्त शिकतात,” बाई म्हणाल्या आणि गेल्या. मी तासत राहिले.

मे महिन्याच्या एक तारखेला निकाल होता. त्याच दिवशी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन बाई हायस्कुलात नाव नोंदवणार आणि सुटीला आपल्या गावी जाणार. त्याच्या आत उजीनं शिकायला हवं होतं. मला घास गोड लागत नव्हता. सर्जा रोज विचारायचा, “काय म्हणती तुझी चेली?” मी म्हणायची, “मासोळी झालीया.” आणि खरंच, ती काठाकाठानं हात मारायला लागली होती. बिंडा मनगटाएवढा झाला, मग त्याहून बारीक. तिला पत्ता नव्हता.

परीक्षा संपली त्या दुपारी ती नेहमीपेक्षा आत गेली. चैत्रात आमचं पाणी खाली उतरतं, काठ उघडा पडतो, आणि त्या काठापासून तळ एकदम कड्यासारखा तुटतो. खाली किती पाणी आहे ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी काठावर पदर खोचून उभी होते. पाठीवरचं चिपाड बघत होते आणि मनात म्हणत होते, अजून थोडं, अजून थोडं.

लाँच माघारी येत होती. सर्जानं लांबून पोरीला बघितलं, इंजिन बंद केलं. लाँच वाहत वाहत तिच्या जवळ आली. त्याची नजर तिच्या पाठीवर गेली. त्यालाही मी असंच शिकवलं होतं, त्याला लगेच कळलं. पण तो हसला नाही.

“आये!” तो किंचाळला. “अगं, चिपाड ऱ्हायलंय नुसतं! समदा तासलाईस! पोरीला मारतीस काय?”

उजीनं मान वळवून पाठीकडं बघितलं.

आत्तापर्यंत तरंगणारी पोर दगडासारखी खाली गेली. चिपाड तेवढं वर दिसलं, मग तेही गेलं.

मी लुगड्यासकट उडी टाकली. नऊवारी पाण्यात पायांना जखडते, माणसाला खाली ओढते. पण तिची वेणी हाताला लागली. सर्जानं वरून खांद्याला धरलं, आम्ही तिला लाँचीत घेतलं. ती खोकली, पाणी ओकली, श्वास आला. सर्जा तिच्याकडं बघत नव्हता. तो स्वतःच्या हातांकडं बघत होता. दोन्ही हात लटलट कापत होते.

“संपलं, आये,” तो म्हणाला. “आता शाळंचं नाव काढायचं न्हाई ह्या घरात.”

उजी माझ्याशी बोलेना. मी जेवायला वाढलं की ती आईकडून वाढून घ्यायची. शेवटी मीच तिला गोठ्यात गाठलं.

“काय तोंड फुगवून बसलीस?”

“तू मला फसवलंस.”

“येडे, तासलेल्या बिंड्यावर तरंगत कोण व्हतं? तूच न्हवं? लाकडानं हातपाय मारलं व्हय?”

“मला काय म्हाईत? मी बिंड्यावर भरवसा टाकला व्हता.”

“आन माझ्यावर?”

“तुझ्यावर बी,” उजी म्हणाली आणि शेणाची पाटी उचलून निघून गेली.

मला कुणी असं बोललेलं मी ऐकून घेत नाही. सर्जाच्या बापाचंही घेतलं नव्हतं. पण त्या दिवशी म्हशीवरसुद्धा ओरडावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी गावंडे बाई घरी आल्या.

“या, मानसशास्त्र,” मी म्हणाले. “सांगा, मी आधीच सांगितलं व्हतं म्हणून. तेवढंच ऐकायचं ऱ्हायलंय.”

त्या तसलं काही बोलल्या नाहीत. उजीजवळ जमिनीवर जाऊन बसल्या.

“उजू, मला शिकवते का पोहायला?”

उजीनं मान वर केली. “मी? मलाच येत न्हाई.”

“तुला जेवढं येते तेवढंच शिकव. मला तर तरंगता पण येत नाही. सुटीत गावी गेली का काकांना दाखवीन म्हणते.”

“तुम्ही भिता, बाई.”

“लई भिते. तू पण भिते. तुला माहीत आहे ना कसं वाटते ते? आजीला नाही माहीत. आजीला पाणी भिते.”

मालनला हसू फुटलं. उजी हसली नाही. नखानं जमीन उकरत बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “आज्जे, बाईस्नी जाड बिंडा लागंल.”

मी तेव्हाच उठले आणि पांगाऱ्याचा नवा बिंडा पाडला.

सर्जाला मी सांगितलं, पोरगी पाण्यात जाणार नाही, बाईंना काठावरून सांगेल फक्त. मलाही तसंच वाटत होतं. पहिल्या दिवशी तसंच झालं. उजी गुडघाभर पाण्यात उभी राहून हुकूम सोडत होती आणि पंजाबी ड्रेस घातलेल्या बाई डोळे मिटून पाण्यात बसल्या होत्या.

“डोळं उघडा, बाई. लाँचीत न्हाई तुम्ही.”

“उघडले तर दिसते ना पाणी!”

“दिसू दे की. आता मी तुमचा हात सोडणार हाय. सोडू?”

“नको!”

“बरं, आज न्हाई सोडत.”

मी काठावर भांडी घासायच्या निमित्तानं बसायची. जीभ नुसती वळवळायची. असं विचारून विचारून कधी कोण शिकलंय? पण बाई भिऊन मागं सरकायच्या, आणि उजी हात न सोडता उभी राहायची. मग बाईच थोड्या वेळानं म्हणायच्या, “सोड आता.” बाई जरा आत सरकल्या की हनुवटी धरायला उजीला पुढं जावं लागायचं. पाणी तिच्या कमरेला आलं, मग छातीला. तिचं लक्ष बाईंकडं होतं. तिच्या पाठीला काहीच बांधलेलं नव्हतं. बिंडा एकच होता आणि तो बाईंच्या पाठीवर होता.

कोयता उजीनं माझ्याकडून मागून घेतला.

“ही बघा, बाई. एवढीच ढलपी काढणार. तुमच्या डोळ्यांदेखत.”

“अजून थोडे दिवस जाड राहू दे ना गं.”

“मग अर्धी काढते. चालंल?”

बाई म्हणायच्या, “चालेल.”

निकालाच्या आदल्या दिवशी दुपारी वारं सुटलं. बाई पाठीवर पडून तरंगायला शिकल्या होत्या. आभाळाकडं तोंड करून पडल्या होत्या आणि त्या आनंदात वाऱ्यानं आत कधी नेलं ते त्यांना कळलं नाही. पाय खाली सोडले, तळ लागला नाही, आणि त्यांनी बोंब मारली. “उजू! पाय लागत नाही गं! उजू!”

उजी छातीभर पाण्यात होती. तिच्या पुढं एका पावलावर तळ तुटत होता.

ती गेली.

मी भांडं टाकून उठले. सर्जा तिथंच धक्क्यावर लाँचीचा दोर सांधत बसला होता, तोही उठला. त्यानं तोंड उघडलं आणि मी त्याचं मनगट धरलं. माझी नखं त्याच्या कातड्यात गेली.

“एक शबुद काढू नगंस,” मी म्हणाले.

“आये, तिच्या पाठीला…”

“दिसतंय मला. गप.”

वाऱ्यानं लाटा उठत होत्या. तिचं डोकं दिसायचं, मग दिसायचं नाही. माझी नजर तिच्या हातांवर होती. हात मोजूनमापून पडत होते. घाबरलेला माणूस पाण्याला झोडपतो. ती झोडपत नव्हती. सर्जाचं मनगट माझ्या मुठीत थडथडत होतं, का माझीच मूठ, ते मला अजून सांगता येत नाही.

ती बाईंपर्यंत पोचली. आम्हाला वाऱ्यावर तिचा आवाज आला, “बाई, बिंडा हाय तुमच्या पाठीला. बुडत न्हाई तुम्ही. मी दोर धरणार हाय. धरू?”

इतक्या पाण्यातही विचारत होती.

बाईंना तिनं दोराला धरून ओढत आणलं. पायाला चिखल लागल्यावर बाई तिथंच बसल्या आणि रडायला लागल्या, रडता रडता हसायला लागल्या. उजी धापा टाकत माझ्याकडं आली.

“आज्जे, बाईंचं पाय लागत न्हवतं तिथं.”

“तुझं लागत व्हतं का गं?”

ती गर्रकन वळली. मागं पाण्याकडं बघितलं. मग स्वतःच्या पाठीवरून हात फिरवला. वर काही होतं की नव्हतं, ते चाचपून बघितलं. बाईंना हात दिला आणि दोघी खोलीकडं चढून गेल्या.

मी सर्जाचं मनगट सोडलं. “झालं समाधान? दिलेला शब्द आठवतोय न्हवं?”

तो खाली दगडावर बसला. दोर हातात फिरवला. मग म्हणाला, “आये, बा पवत न्हवता का?”

मी शेजारच्या दगडावर टेकले.

“पुरात नदी आडवी कापायचा बा. साऱ्या खोऱ्यात त्याच्यासारखा पवणारा न्हवता. त्याला न्हेलंच की पाण्यानं. मग हिला पवायला आलं म्हणून काय झालं?”

मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यानं अट घातली त्या रात्रीच माझ्या मनात हेच आलं होतं. पण त्या अटीतून पोरीला शाळेची वाट सापडत होती, ती मी सोडणार नव्हते.

“मग असली अट घातलीस कशाला?”

“दुसरं काय करू? मला भ्या वाटतंय, असं सांगू व्हय पोरीला?”

“सांगायचं,” मी म्हणाले. “ती बाईस्नी दर खेपंला सांगत व्हती, आता सोडते, आता तासते. बाई भ्याल्या, तरी शिकल्या. तू तर बाप हाईस. आन पाण्याचा भरवसा मी तुला देत न्हाई, सर्जा. तो माझ्यापाशी न्हाई. असता तर तुझा बा आज हितं बसला असता.”

तो दोर सांधत राहिला. गाठ बसत नव्हती. मी उठताना म्हणाला, “उद्या दाखला आणायला तूच जा. माझं पाय न्हाई जायाचं शाळंपतुर.”

मी गेले. अंगठा नव्हे, सही केली.

जूनमध्ये हायस्कूल उघडलं. उजी नव्या दप्तरासकट लाँचीत चढली. मी आणि मालन धक्क्यावर होतो. सगळी पोरं बसली, कालवा चालला होता, आणि सर्जा इंजिनाजवळ उभा. सुरू करेना. मग तो उजीपाशी गेला. सगळ्यांसमोर, हळू पण ऐकू येईल असा म्हणाला, “उजे, मला भ्या वाटतंय.”

मालननं माझा दंड धरला.

उजीनं बापाकडं बघितलं. “मग हळू चालवा, आबा,” ती म्हणाली.

त्या दिवशी लाँच इतकी सावकाश गेली की पोरांची प्रार्थना चुकली. दुसऱ्या दिवशीही चुकली. अख्खा आषाढ चुकत राहिली. शेवटी एका पोराबरोबर हायस्कुलातून हेडमास्तरांचा निरोप आला, तुमच्या गावची पोरं रोज उशिरा येतात, ड्रायव्हरला समज द्या. मी त्याच पोराबरोबर उलटा निरोप धाडला. म्हटलं, ड्रायव्हर शिकतोय, त्याच्यावर ओरडायचं नाही.

गौरी-गणपतीच्या सुमाराला पोरं प्रार्थनेला पोचायला लागली.